वाड्यातली मैफल लाइव्ह दाखवायची असेल तर आधी विलंब ठरवा

ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या जुन्या वाड्यांत अजूनही घरगुती बैठका होतात. चौकात सतरंज्या, गवयाच्या मागे दोन तंबोरे, आणि कठड्याला टेकून उभी राहतील तेवढी माणसं. ग्वाल्हेरला गाण्याचं कौतुक कोणी शिकवायला नको. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांनी महाराष्ट्रात नेली ती याच गावाची गायकी, आणि २०२३ साली युनेस्कोनं संगीताचं सर्जनशील शहर म्हणून मान दिला तोही याच गावाला. पण वाड्यातली निम्मी माणसं आता पुण्याला, इंदूरला, कोणी अमेरिकेत. त्यांना ते गाणं त्याच संध्याकाळी, त्याच वेळी ऐकायला मिळावं असं घरातल्या प्रत्येकाला वाटतं.

मी पहिल्यांदा हे काम अंगावर घेतलं तेव्हा स्टँडला फोन लावला, घरचं वाय-फाय जोडलं आणि लाइव्हचं बटण दाबलं. दुपारी करून बघितलं होतं, छान चाललं होतं. संध्याकाळी यमनचा विलंबित ख्याल सुरू झाला, दहा मिनिटं बरी गेली. चौक भरत गेला तसं चित्र थिजायला लागलं. बुवांचा हात समेवर यायचा तो हवेतच राहायचा आणि चौकोन-चौकोन होऊन विरघळायचा. तेवढ्यात पुण्याहून आत्याचा फोन आला, "अरे, बुवांचा आवाज येतोय, पण तंबोरा कुठे गेला?"

चित्र थिजण्याचं कारण वेगळं होतं आणि तंबोरा गायब होण्याचं वेगळं. दोन्ही समजायला मला बरेच कार्यक्रम लागले. तुम्ही आत्ता सुरुवात करत असाल तर हा लेख तुमच्यासाठी आहे. पूजा, कीर्तन, नाटक, लग्न, काहीही दाखवायचं असो, गणित तेच आहे.

आधी पोथी समजून घ्या

आपल्या घरातली जुनी पोथी आठवा. शिवलेली नाही, सुटी पानं, प्रत्येकावर आकडा. आता समजा एक माणूस पुण्यात बसून ती पोथी मोठ्यानं वाचतोय आणि ग्वाल्हेरहून आपण एकेक पान वेगवेगळ्या माणसाच्या हाती पाठवतोय. कोणी लवकर पोचतो, कोणी उशिरा, ४८वं पान ४७च्या आधी पोचतं, एखादं वाटेत वाऱ्यानं उडून जातं. इंटरनेटवर व्हिडिओ असाच जातो. पानाला तिथं पॅकेट म्हणतात.

१२८० बाय ७२० आकाराचं चित्र, सेकंदाला २५ फ्रेम, न दाबता पाठवायचं म्हटलं तर सेकंदाला सुमारे २७६ मेगाबिट लागतात. एन्कोडर, म्हणजे चित्र दाबून लहान करणारा प्रोग्रॅम, ते ३ मेगाबिटवर आणतो, म्हणजे नव्वदाव्या हिश्श्याच्या आसपास. हे कसं जमतं? तर तो पूर्ण चित्र क्वचितच पाठवतो. एकदा पूर्ण चित्र, म्हणजे की-फ्रेम, आणि त्यानंतर नुसतं 'मघापासून काय बदललं' एवढंच. त्यामुळे मधलं एक पान हरवलं तरी पुढची सगळी पानं चुकीच्या पायावर उभी राहतात आणि पुढची की-फ्रेम येईपर्यंत चित्र बिघडलेलं दिसतं. बुवांचा हात विरघळत होता तो यामुळे.

३ मेगाबिटची पानं करा, प्रत्येकी सुमारे १३०० बाइटची, तर सेकंदाला पावणेतीनशे ते तीनशे पानं होतात. शंभरात एक हरवलं, तर ऐकायला किरकोळ वाटतं. पण ती दर सेकंदाला तीन पानं झाली.

आता वाचणाऱ्याच्या शेजारी पानांची थोडी चळत साठलेली असेल, तर ४७वं पान आलं नाही हे त्याला वेळेवर कळतं, तो निरोप पाठवून ते पुन्हा मागवू शकतो आणि ऐकणाऱ्यांना काही कळतही नाही. चळत नसेल तर दोनच वाटा, थांबा किंवा पान गाळा. या चळतीला बफर म्हणतात. मी तिला बेगमी म्हणतो. बेगमी जितकी मोठी, तितकं प्रक्षेपण मागे पडणार. भरवसा हवा असेल तर तो विलंब देऊनच मिळतो. माझ्या अनुभवात निम्मे लोक फुकट धडपडतात ते ही देवघेव न ठरवता यंत्रं विकत घेतात म्हणून.

पायरी पहिली: किती विलंब चालेल, ते ठरवा

कागदावर एकच प्रश्न लिहा. बघणाऱ्यानं उलट बोलायचं आहे का?

बोलायचं नसेल, म्हणजे पुण्याच्या आत्याला फक्त ऐकायचं असेल, तर २०-३० सेकंदांचा विलंब बिनधास्त घ्या. समेला तिनं दिलेली दाद चौकात अर्ध्या मिनिटानं पोचली असती तरी बिघडत नाही, कारण ती पोचतच नाही. यूट्यूबवर लाइव्ह करताना विलंबाचे तीन पर्याय येतात: साधा, कमी आणि अगदी कमी. अगदी कमी निवडलं की पाच सेकंदांच्या आत दिसतं म्हणून नवशिका तोच निवडतो. मैफलीला साधाच निवडा. तिथली बेगमी तुम्हाला फुकट मिळतेय, ती नाकारू नका.

प्रश्नोत्तरं असतील, शिकवणी असेल, तर व्हिडिओ कॉलची तऱ्हा हवी. बोलणं नैसर्गिक वाटायला एका बाजूचा विलंब १५० मिलिसेकंदांच्या आत असावा आणि ४००च्या पुढे जाऊ नये, असं आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाची शिफारस सांगते. एवढ्या वेळात हरवलेलं पान पुन्हा मागवायला जेमतेम एकदा सवड मिळते. म्हणून कॉलमध्ये चित्र मध्येच फुटतं. तिथं ते सहन करायचं असतं.

आणि पुण्यातला तबलजी ग्वाल्हेरच्या गवयाला नेटवरून साथ करेल का? हा प्रश्न मला दर वर्षी कोणीतरी विचारतं. एकत्र वाजवायला साधारण २५ ते ३० मिलिसेकंदांच्या वर विलंब गेला की लय ओढली जाते. हवेतून आवाज २५ मिलिसेकंदांत साडेआठ मीटर जातो. म्हणजे तबलजी चौकाच्या त्या टोकाला बसल्यासारखा. काचेच्या तारेतून प्रकाश सेकंदाला दोन लाख किलोमीटर जातो, ग्वाल्हेर-पुणे सरळ रेषेत हजारेक किलोमीटर, तेव्हा नुसतं अंतर पाचच मिलिसेकंदांचं. उशीर होतो तो वाटेतल्या रांगांमध्ये आणि दोन्हीकडच्या यंत्रांमध्ये. घरगुती सामानावर या वाटेला जाऊ नका.

पायरी दुसरी: वाडा बघा, तार ओढा

आपल्या वाड्यांच्या भिंती दगडी, दोन-दोन हात जाड. वाय-फायच्या लहरींना त्या आवडत नाहीत. ५ गिगाहर्ट्झची पट्टी वेगवान, पण एका भिंतीतच दमते. २.४ गिगाहर्ट्झ भिंतीतून जास्त जाते, पण तिच्यावर एकमेकांत न मिसळणारे चॅनल तीनच, १, ६ आणि ११, आणि गल्लीतल्या प्रत्येक घराचा राउटर त्यातच दाटीवाटीनं बोलतोय. वाय-फायमध्ये एका चॅनलवर एका वेळी एकानंच बोलायचं असतं. दुसरा बोलत असेल तर थांबायचं. गर्दी झाली की थांबणंच फार होतं.

माझी दुपारची चाचणी फसवी का ठरली, ते आता कळेल. माणसाच्या शरीरात पाणी असतं आणि पाणी २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी शोषतं. रिकाम्या चौकात आणि शंभर माणसांनी भरलेल्या चौकात हवा एक नसते. शिवाय त्या शंभर जणांच्या खिशात फोन असतात आणि ते सगळे सतत राउटरला हाका मारत असतात.

उपाय साधा आणि स्वस्त आहे: कॅट-६ची, म्हणजे नेटवर्कची तार. राउटरपासून लॅपटॉपपर्यंत १०० मीटरपर्यंत ती बिनतक्रार चालते. आमच्याकडे ती माडीवरच्या खोलीतून निघते, लाकडी कठड्याच्या आतल्या बाजूनं सुतळीनं बांधत येते (जुन्या लाकडाला खिळा ठोकायचा नाही) आणि खांबाच्या मागून खाली उतरते. दारापाशी चपलांचा ढीग पडतो, तिथून ती कधीच नेऊ नका. पाय अडकतो, टोकाचं प्लॅस्टिकचं खटकं तुटतं आणि मग तार लागल्यासारखी दिसते पण सैल असते. एक जादा तार आधीच ओढून, गुंडाळून ठेवा. या एका पायरीनं माझे निम्मे प्रश्न सुटले.

पायरी तिसरी: अपलोड मोजा, तेही खऱ्या वेळी

कंपनी सांगते तो आकडा बहुधा डाउनलोडचा असतो. आपल्याला लागतं ते अपलोड. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

कार्यक्रम संध्याकाळी साडेसातला असेल, तर आदल्या दोन-तीन दिवशी साडेसातलाच मोजा. स्पीड टेस्ट काही सेकंदांचीच असते आणि बरेचदा एकाच वेळी अनेक जोडण्या उघडून मोठा आकडा दाखवते, म्हणून तिच्यावर थांबू नका. यूट्यूबवर 'अनलिस्टेड', म्हणजे फक्त दुवा असलेल्यांनाच दिसणारं, लाइव्ह सुरू करून अर्धा तास खरंच पाठवून बघा. एक सूचना: नव्या चॅनलवर लाइव्हची परवानगी सुरू व्हायला २४ तासांपर्यंत लागू शकतात. कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी चॅनल उघडणाऱ्यांची तारांबळ मी पाहिली आहे.

ही चाचणी चालू असतानाच लॅपटॉपवर दुसऱ्या खिडकीत पिंग लावून ठेवा. एक छोटं पान जाऊन परत यायला किती वेळ लागतो, ते पिंग सांगतं. एरवी ३०-४० मिलिसेकंद येणारा आकडा अपलोड सुरू होताच ५०० किंवा हजारावर गेला, तर राउटरच्या पोटात रांग लागली आहे. पान हरवलेलं नाही, पण रांगेत अडकलं आहे आणि उशिरा आलेलं पान हरवल्यासारखंच. याला बफरब्लोट म्हणतात. सोपा उपाय म्हणजे बिटरेट, सेकंदाला किती बिट पाठवायचे तो आकडा, कमी करणं.

माझा ठाम नियम: सगळ्या मोजण्यांतला सर्वांत कमी आकडा घ्या आणि त्याच्या निम्म्याच्या वर जाऊ नका. ६ मेगाबिट मिळत असेल तर ३ पाठवा. उरलेलं निम्मं वाया जात नाही, हरवलेली पानं पुन्हा पाठवायला तेच लागतं.

मोबाइल नेटवर काम करायचं असेल तर थोडं जास्त लक्ष द्या. फोनवर रेंजच्या सगळ्या दांड्या दिसतात त्या टॉवरचा आवाज फोनला किती स्पष्ट येतो याच्या. टॉवर दहा-दहा वॉटच्या हिशेबात बोलतो, तुमचा फोन जास्तीत जास्त सुमारे ०.२ वॉटनं. टॉवर आपल्याला ऐकू येतो, पण आपलं बोलणं टॉवरपर्यंत नीट जाईलच असं नाही, आणि लाइव्हला नेमकं तेच लागतं. त्यात चौक म्हणजे विहीरच. म्हणून सिमकार्डाचा राउटर गच्चीवर ठेवा आणि तिथून तारेनं खाली या. फोनच वापरायचा तर हॉटस्पॉटऐवजी यूएसबी तारेनं जोडा.

आणि डेटाचा हिशेब करा. ३ मेगाबिटनं अडीच तास म्हणजे जवळजवळ साडेतीन जीबी. दिवसाला २ जीबीचा पॅक असेल तर दीड तासातच संपतो आणि वेग चाळीस-पन्नास पटींनी खाली येतो. नेमका भैरवीच्या आधी.

पायरी चौथी: एन्कोडरची मांडणी

ओबीएस स्टुडिओ हे लॅपटॉपवरून लाइव्ह पाठवायचं सॉफ्टवेअर मोफत आहे, चांगलं आहे, तेच घ्या. ७२०ची उंची, सेकंदाला २५ फ्रेम, चित्र दाबण्याची रीत एच.२६४, बिटरेट २५०० ते ३००० किलोबिट, आणि तो स्थिर ठेवायचा, म्हणजे सीबीआर. की-फ्रेम दर दोन सेकंदांनी. तो आकडा आपोआप सोडला तर कधीकधी आठ-दहा सेकंद की-फ्रेम येत नाही आणि एक पान हरवलं की तेवढा वेळ चित्र चिकटून राहतं. १०८०चा मोह टाळा. बसून गाणाऱ्या माणसाचं ७२०चं स्थिर, स्वच्छ चित्र हे अडखळणाऱ्या १०८०पेक्षा केव्हाही जास्त समाधान देतं.

प्रगत मांडणीत नेटवर्कच्या भागात, गर्दी झाली तर बिटरेट आपोआप कमी-जास्त करण्याचा पर्याय आहे. तो चालू करा. पाच मिनिटं चित्र जरा धुरकट झालं तरी गाणं तुटत नाही.

बिट वाचवण्याचा खरा मार्ग मात्र ओबीएसच्या बाहेर आहे. उजेड. अंधारात कॅमेरा चित्रात दाणे भरतो, दर फ्रेमला वेगळे, आणि एन्कोडर बिचारा ते दाणेच पाठवत बसतो. गवयाच्या तोंडावर समोरून एक मऊ दिवा टाका. मागे लुकलुकणाऱ्या माळा लावल्या असतील तर यजमानांना हात जोडून त्या स्थिर करायला सांगा. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, म्हणून कॅमेऱ्याचा शटर सेकंदाच्या १/५० किंवा १/१०० वर ठेवा. नाहीतर ट्यूबलाइटखाली चित्र थरथरतं आणि ती थरथरही बिट खाते. कॅमेरा तिपाईवर. सारखं झूम करू नका.

पायरी पाचवी: कोणत्या वाटेनं पाठवायचं

नेटवर पानं पाठवायच्या दोन मूळ रीती. टीसीपी प्रत्येक पानाची पोच घेते. ४७वं आलं नाही तर ४८, ४९ हातात असूनही पुढे देत नाही आणि वेगही कमी करते. यूडीपी पाठवून मोकळी होते. पहिलीत अडकण्याची भीती, दुसरीत हरवण्याची.

यूट्यूबला ओबीएसमधून आपण सहसा आरटीएमपीनं पाठवतो. ती फ्लॅशच्या काळातली, टीसीपीवर चालणारी रीत. जुनी आहे म्हणून नाक मुरडू नका: तारेचं फायबर असेल आणि बिटरेट निम्म्यात असेल, तर नवशिक्यासाठी तीच योग्य. फक्त सुरक्षित प्रकार, आरटीएमपीएस, निवडा.

मोबाइल नेट असेल तर एसआरटी शिका. ही २०१७ साली खुली झालेली रीत यूडीपीवर चालते, पण तिच्यात पोथीची समज आहे. पानांना आकडे, हरवलेलं तेवढंच परत मागवायचं, आणि ठरलेल्या विलंबाच्या आत आलं नाही तर सोडून द्यायचं. तो विलंब तुम्ही ठरवता. मुळात तो १२० मिलिसेकंद असतो, मोबाइलला अगदी अपुरा. पिंगचा जाऊन-येऊनचा आकडा घ्या, त्याची चौपट ही खालची मर्यादा धरा: पिंग ८० असेल तर ३२०. मैफलीला मी सरळ २००० ठेवतो, कारण दोन सेकंदांनी कोणाचं काही अडत नाही. इथं एक खड्डा आहे, त्यात मी पडलो होतो. ओबीएसमध्ये एसआरटीच्या पत्त्यात हा आकडा मायक्रोसेकंदांत लिहावा लागतो. दोन सेकंदांसाठी २० लाख लिहायचे. नुसते २००० लिहिले तर तुम्ही दोनच मिलिसेकंदांची बेगमी मागता, म्हणजे नाहीच, आणि दोष नेटला दिला जातो. एसआरटीसाठी मध्ये भाड्याचा एक छोटा सर्व्हर लागेल, जो इकडून एसआरटी घेईल आणि पुढे यूट्यूबला आरटीएमपीनं देईल. वाड्यापासून सर्व्हरपर्यंतचा कच्चा रस्ता एसआरटी सांभाळते. पुढचा रस्ता पक्काच असतो.

परत मागवायलाही वेळ नसेल तेव्हा तिसरी युक्ती वापरतात, आधीच जादा पान पाठवण्याची. समजा तीन पानांवर ४, ७ आणि ९ लिहिलं आहे. चौथ्या पानावर बेरीज, २०. सात हरवला तर २०मधून ४ आणि ९ वजा करा, सात परत हातात. याला एफईसी म्हणतात. खर्च जादा पानाचा, फायदा वेळेचा. पण दोन पानं एकदम गेली तर बेरीज कामाची नाही, आणि हवेतून जाताना पानं एकेक नाही, झुबक्यानं हरवतात. म्हणून ती पानं आडवी-उभी मांडून दोन्हीकडच्या बेरजा पाठवतात. तुम्हाला हे हातानं करायचं नाही, पण एखाद्या यंत्रावर एफईसी किती टक्के असं विचारलं तर आता उत्तर देता येईल.

बघणाऱ्याच्या बाजूची काळजी सोडा. यूट्यूब तुमच्या एका चित्राची लहान-मोठी रूपं करतं, काही सेकंदांचे तुकडे पाडतं आणि ज्याचं नेट जसं त्याला तसं देतं. तुमच्या हातात पहिला टप्पा आहे, तो नीट करा.

पायरी सहावी: आवाज

आता आत्याचा तंबोरा. फोनमध्ये आणि कॉलच्या ॲपमध्ये पार्श्वभूमीचा गोंगाट काढण्याची सोय असते. ती पंखा, ए.सी., जनरेटर असे एकसारखे चालणारे आवाज ओळखते आणि पुसते. तंबोरा काय करतो? एकसारखा, अखंड वाजतो. यंत्राला तो पंखाच वाटतो. शांत जागी तो नाहीसा होतो, गवयानं सूर लावला की अर्धामुर्धा परत येतो, आणि लांबवलेला षड्ज शेवटी कापला जातो. ग्वाल्हेरच्या गाण्याचं असं व्हावं, याचं मला मनापासून दुःख झालं.

म्हणून आवाज कमी करणं, प्रतिध्वनी काढणं, आवाज आपोआप लहान-मोठा करणं, हे तिन्ही बंद करा. ओबीएसमध्ये माइकच्या फिल्टरांत काही लावलेलं नाही ना, बघा. झूमवर असाल तर संगीतकारांसाठी मूळ आवाज ठेवण्याचा पर्याय आहे, तो चालू करा. ध्वनी ४८ किलोहर्ट्झ, १६० ते १९२ किलोबिट. चित्राच्या पंधराव्या हिश्श्याएवढाच हा खर्च, पण बघणारा थिजलेलं चित्र माफ करतो, तुटलेला सूर करत नाही. जमलं तर ध्वनियंत्रणावाल्या दादांकडून मिक्सरचं आउटपुट घ्या आणि सोबत चौकाचा एक माइक हलकासा मिसळा. त्याशिवाय दाद ऐकू येत नाही आणि गाणं बंद खोलीतलं वाटतं.

पायरी सातवी: तुटणार हे धरून चाला

फायबर एक आणि मोबाइल एक, अशा दोन वाटा ठेवा. दोन फायबर घेऊ नका. दोन्ही एकाच खांबावरून आलेले असतात आणि एकदमच तुटतात. वाट बदलली की पत्ता बदलतो, आरटीएमपीची जोडणी तुटते, ओबीएस पुन्हा जोडतं. काही सेकंदांची खोट पडते, एवढंच. दोन्ही वाटांवर एकदम पानं वाटणारी यंत्रं असतात, त्याला बाँडिंग म्हणतात. महाग आहेत, घरगुती बैठकीला गरज नाही.

वीज गेली तर इन्व्हर्टरवर जाताना राउटर क्षणभर विझतो आणि पुन्हा उभा राहायला मिनिट-दोन घेतो. १२ व्होल्टचा छोटा यूपीएस लावा. आणि फायबरची तार ज्या पांढऱ्या डबीत शिरते तिलाही; राउटर चालू, डबी बंद, असं फार घरांत होतं.

लॅपटॉपवर रेकॉर्डिंगही चालू ठेवा, एमकेव्ही स्वरूपात. मध्येच लॅपटॉप बंद पडला तरी तोवरचं एमकेव्ही वाचतं. साधं एमपी४ बहुतेकदा उघडतच नाही. या सगळ्याच्या आधी, गाणाऱ्या बुवांना विचारा की लाइव्ह चालेल का, रेकॉर्डिंग ठेवलं तर चालेल का. ते नाही म्हणाले तर सामान बांधा आणि सतरंजीवर बसून गाणं ऐका.

चालू असताना काय बघायचं

ओबीएसच्या आकडेवारीच्या खिडकीत तीन वेगवेगळे आकडे असतात. नवशिका तिघांनाही 'लॅग' म्हणतो. नेटवर्कमुळे टाकलेल्या फ्रेम वाढत असतील तर दोष वाटेचा: बिटरेट कमी करा. एन्कोडिंगमुळे सुटलेल्या वाढत असतील तर लॅपटॉप दमला आहे. नेटला हात लावू नका, एन्कोडर हलका करा. रेंडरिंगमुळे चुकलेल्या वाढत असतील तर चित्रांचे थर, दुसरे ॲप, उघडलेला ब्राउझर यांचा भार आहे. चुकीच्या रोगावर औषध दिलं की कार्यक्रम हातचा जातो.

आणि बाहेरगावी एक माणूस नेमा, ज्याचं काम फक्त बघणं आणि दर वीस मिनिटांनी एक निरोप पाठवणं. आपल्याच वाय-फायवर आपलंच लाइव्ह उघडून बसू नका. लाइव्हचा फोन असेल तर त्यावरचे कॉल बंद ठेवा, कोणाचा कॉल आला की माइक हातातून जातो.

घरी आल्यावर

रात्री झोपायच्या आधी वहीत चार ओळी लिहा. पुढच्या वेळी त्याच जागेसाठी यापेक्षा चांगला मार्गदर्शक मिळणार नाही. माझ्या वहीतलं गेल्या हिवाळ्यातलं एक पान असं आहे:

'चौक भरलेला, १२० माणसं. फायबर दुपारीच गेलं. गच्चीवरचा सिम राउटर: ४ वाजता अपलोड १४, साडेसातला ६. बिटरेट २८००, एसआरटी दोन सेकंद. टाकलेल्या फ्रेम ०.२ टक्के. वीज ८:१०ला गेली, सिम राउटर यूपीएसवर होता. कठड्याची तार पुढच्या वेळी तीन मीटर लांब हवी. आत्या: तंबोरा स्वच्छ, डावा जरा चढा लागला होता का?'